डाव्या पायाची वही: क्लच शिकतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही. शाळेत मुलांना विज्ञान प्रकल्पाचा उद्देश एका ओळीत लिहायला लावते, तसा मीही लिहिते: आईच्या मानेला हिसका न बसता गाडी चालवता आली पाहिजे.

आईला गेल्या पावसाळ्यापासून मानेच्या मणक्यांचा त्रास आहे. आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि रिक्षातून परत आली की तासभर उताणी पडून राहते. उपचाराने आलेला आराम परतीच्या वाटेतच निघून जातो. म्हणून दिवाळीच्या सुमाराला जुनी गाडी घेतली. पेट्रोल, तीन सिलिंडर, ९९८ सीसी, क्लच केबलचा. परवाना माझ्याकडे २०११ पासून आहे. पण तेव्हा शिकवणाऱ्यांच्या पायाखालीही एक क्लच होता, आणि जरा अवघड जागा आली की ते तोच दाबायचे. परवाना मिळाला, डावा पाय मात्र शिकायचा राहिला.

शेजारच्या सीटवर आबा, माझे वडील, बसतात. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. काचबिंदू निघाल्यापासून त्यांनी स्वतःहून स्टिअरिंग सोडलं. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, तेव्हा इंजिनचा अंदाज घ्यायला आबांचे कान.

एमआयडीसीतल्या एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर सकाळी सात ते नऊ. वीस वेळा गाडी उचलली. अकरा वेळा बंद पडली. उरलेल्या नऊपैकी सहा वेळा उडी मारून निघाली. आई आज सोबत नव्हती आणि उड्या थांबेपर्यंत तिला गाडीत बसवायचं नाही, हे मी ठरवलं आहे.

आबांनी डिकीत लाकडाची एक उटी ठेवली. चढावर गाडी थांबली तर मागच्या चाकाला लावायला. मी म्हटलं, आबा, एवढ्या लहान गाडीला कशाला? ते म्हणाले, "वजन लहान असतंय, उतार लहान नसतोय."

७ जानेवारी, मंगळवार

गाडी काढली नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून आबांकडून क्लच समजून घेतला. आकृती मला काढता येते. इंजिनच्या दांड्याला घट्ट बसवलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली क्लचप्लेट. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि तिची स्प्रिंग. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर रेटा देतं, दाब सुटतो, प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की स्प्रिंग प्लेटला पुन्हा चिकटवते. एवढं मला पाठ होतं.

आबांनी आकृती बाजूला सारली आणि मला तळहात तळहातावर ठेवायला लावले. "उजवा हात इंजिन. तो फिरतोच आहे. डावा हात चाकं. तो थांबलाय. आता उजवा फिरव आणि डावा हळूहळू टेकव." टेकवला की आधी नुसती घसट. जरा दाबलं की डावा हात ओढला जाऊ लागतो, पण मागे राहतो. आणखी दाबलं की दोन्ही एकत्र फिरतात. एकदम दाबला तर दोनपैकी एक होतं: डावा हात झटक्याने ओढला जातो, नाहीतर उजवा थांबतो.

पहिलं म्हणजे गाडीची उडी. दुसरं म्हणजे गाडी बंद पडणं. रविवारी वीसपैकी सतरा वेळा माझं काय चुकत होतं ते या एका खेळात दिसलं. आणि थंडीत हात चोळल्यावर तळवे गरम झाले, तेही लक्षात ठेवण्यासारखं.

१२ जानेवारी, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण आज कोडं सुटलं.

गेल्या आठवड्यात आबा सारखं सांगत होते, "हाफ क्लचला थांब." म्हणजे पेडल अर्धवट सोडून, प्लेट घसटत असते तिथे. मी थांबायचे, पण किती वेळ ते कळत नव्हतं. एक सेकंद? तीन? मी मनात आकडे मोजायचे आणि आकडा संपला की पाय उचलायचे. कधी जमायचं, कधी गाडी हिसका द्यायची. आबांना विचारलं तर म्हणायचे, "गाडी सांगती." ते खरं असणार, पण मला ती भाषा येत नव्हती.

आज शाळेची मोजपट्टी आणि मुलीला सोबत नेलं. रस्त्यावर पन्नास मीटरवर खडूने दोन रेघा मारल्या. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, एक्सलेटरला पाय न लावता गाडी चालवली. सपाट रस्त्यावर इंजिन आपल्या संथ ठोक्यावर गाडी ओढत राहतं, बंद पडत नाही. मुलीने घड्याळ लावलं. ३२ सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा ३२.

पन्नास मीटर ३२ सेकंदांत म्हणजे ताशी साधारण साडेपाच किलोमीटर. माणूस जरा झपाझप चालला तर हाच वेग.

मग दुसऱ्या गिअरमध्ये तेच केलं. साडेसतरा सेकंद. ताशी दहाच्या थोडं वर.

हे आकडे कागदावर बघताना उजेड पडला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन अगदी मंद फिरत असलं तरी पूर्ण जोडलेल्या चाकांना साडेपाचच्या वेगाने जावंच लागतं. गाडी उभी असते तेव्हा तिचा वेग शून्य. या शून्यापासून साडेपाचपर्यंतचा जो फरक आहे, तेवढाच क्लचप्लेटने घसटत घसटत भरून काढायचा असतो. गाडी माणसाच्या चालीला आली की दोन्ही बाजू सारख्या फिरतात, आणि मग पाय खुशाल उचलावा, काही होत नाही. त्याच्या आधी उचलला तर उरलेला फरक एका फटक्यात भरून निघतो. तो फटका म्हणजे हिसका.

म्हणजे "किती वेळ थांबू" याचं उत्तर सेकंदांत नव्हतंच. गाडी चालीच्या वेगाला येईपर्यंत थांबायचं. सपाटीवर ते दीड-दोन सेकंदांत होतं, चढावर जास्त वेळ लागतो, चार माणसं बसली की आणखी थोडा.

हे कळल्यावर मुलीला रस्त्याच्या कडेने गाडीशेजारून चालायला सांगितलं. ती चालू लागली की मी पाय सैल करायचे, आणि गाडी तिच्या बरोबरीला आली की उरलेला क्लच सोडायचे. वीस वेळा केलं. गाडी दोनदाच बंद पडली. उडी एकही नाही! मुलीच्या चपला घासल्या, पण तिला फार मजा आली.

आबा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "आज पोरीनं गाडी मोजली."

१४ जानेवारी, संक्रांत

सुटी होती, पण घरात पाहुणे. गाडीला हात लावला नाही. दुपारी जेवणानंतर अर्धा तास वेगळाच सराव केला.

घरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकवला, समोर खुर्ची घेतली, आणि डाव्या पायाने काटा दाबून धरला. दहा किलोपर्यंत दाबायचं, आणि मग एक-एक किलो कमी करत खाली यायचं. मुलगी आकडे वाचत होती: दहा, नऊ, आठ, पाच! आठाच्या खाली आलं की पाय एकदम सुटत होता. उजवा पाय मात्र सहज एक-एक किलोने उतरला. गाडीत जे होतं तेच इथे उघडं दिसलं. माझ्या डाव्या पायाला दाबता येतं आणि सोडता येतं, कमी करता येत नाही. आयुष्यभर त्याला कोणी तसं काम सांगितलंच नव्हतं.

रोज रात्री दहा मिनिटं हा सराव करायचा.

१९ जानेवारी, रविवार

बसण्याची जागा बदलली. आतापर्यंत सीट फार मागे होती. क्लच पूर्ण दाबताना गुडघा ताठ व्हायचा आणि शेवटचा भाग बोटांच्या टोकांनी रेटावा लागायचा. आबांनी सीट तीन खाचा पुढे घेतली. आता क्लच तळाला टेकला तरी गुडघ्यात थोडा बाक राहतो.

टाचेचं कोडं मात्र बराच वेळ सुटेना. काही जण टाच जमिनीवर टेकवून घोट्यातून क्लच सोडतात. या गाडीच्या पेडलचा प्रवास लांब आहे आणि माझं पाऊल लहान, त्यामुळे टाच टेकवून पूर्ण क्लच दाबला जात नाही. शेवटी असं जमलं: दाबताना आख्खा पाय, गाडी जिथे उचलायला लागते त्या जागेपर्यंत पेडल वर येतं तेव्हा टाच हलकेच खाली टेकवायची, आणि उरलेलं काम घोट्याने. त्या मधल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच सगळा जीव आहे. बाकी पेडल वर-खाली कितीही वेगाने केलं तरी चालतं.

जाड तळव्याचे बूट बंद. शाळेचे पातळ कापडी बूट घातल्यावर पेडलची थरथर तळव्याला लागते. गाडी उचलायच्या आधी एक बारीक कंप येतो, इंजिनचा आवाज अर्ध्या सुराने खाली बसतो, आणि बॉनेट किंचित वर येतं. आबा म्हणतात ती गाडीची भाषा हीच असावी. आज मला यातल्या दोन गोष्टी ऐकू आल्या, बॉनेट अजून दिसत नाही.

बंद: ० (वीस वेळा उचलून).

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून शाळेतूनच निघालो. पहिल्यांदा गावात. साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला गर्दी होती.

सिग्नलला मी क्लच आणि ब्रेक दाबून पहिला गिअर टाकूनच उभी राहायचे, निघायला उशीर होऊ नये म्हणून. आबांनी हळूच गिअर दांडीवर हात ठेवला. "न्यूट्रल. पाय काढ." त्यांचं म्हणणं असं, की क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ रिलीज बेअरिंग स्प्रिंगवर रेटा देत फिरत राहतं, आणि पाय थकतो तो वेगळाच. थकलेला पाय हळू सुटत नाही. हे मला पटलं, कारण वजनकाट्यावरही पाचव्या मिनिटानंतर आकडे घसरायला लागतात.

आणखी एक सवय निघाली. चालत्या गाडीत माझा डावा पाय क्लचवरच विसावलेला असतो. दाबत नाही असं मला वाटायचं. आबांनी विचारलं, "पेडल हाताखाली आहे का पायाखाली?" म्हणजे पायाचं नुसतं वजनही पेडलला पुरतं. आता गिअर बदलून झाला की पाय उचलून डाव्या बाजूच्या पत्र्याला टेकवते आणि मोठ्याने "पाय" म्हणते. मुलगी मागून साथ देते.

बंद: २. दोन्ही वेळा मागून हॉर्न वाजला आणि मी घाई केली.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गिअर उतरवणं. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना गाडी पुढे झुकते, आणि आईला सगळ्यात जास्त त्रास होईल तो याच झुकण्याचा. उड्या थांबल्या, हे अजून बाकी आहे.

इथे आबा खुलले. ते आगारात ज्या गाड्यांवर शिकले त्यांच्यात डबल क्लच मारल्याशिवाय गिअर खाली येतच नसे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर. रेस कमी पडली तर दाते कराकरा वाजायचे आणि आख्ख्या बसला कळायचं की ड्रायव्हर नवा आहे. घाटात प्रत्येक वळणाला हे करायचं. दिवसातून किती वेळा, ते कधी मोजलं नाही म्हणाले. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसले. तो गुडघा आता जिना चढताना दुखतो.

आजच्या गाड्यांत सिंक्रोमेश असतं, ते दात्यांचा वेग आपसूक जुळवतं, म्हणून कराकर होत नाही आणि डबल क्लच लागत नाही. पण सिंक्रो जुळवतं ते फक्त गिअरबॉक्सच्या आतलं. इंजिनचा वेग जुळवायचं काम अजूनही क्लचप्लेटवरच पडतं. तिसऱ्यात गाडी ताशी वीसने जात असेल तर त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनला जवळजवळ दीडपट फिरावं लागतं. मी क्लच दाबून एक्सलेटर पूर्ण सोडत होते, इंजिन आणखीच मंदावत होतं, आणि क्लच सोडल्यावर चाकांनाच इंजिनला ओढून वर न्यावं लागत होतं. ते ओढणं म्हणजे पुढे झुकणं.

उपाय सोपा आहे आणि जमायला कठीण. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने एक्सलेटरला हलकी टिचकी द्यायची. इंजिन वर येतं, त्याच क्षणी क्लच सोडायचा. पहिल्या दहा वेळांत एकदाच जमलं. पण ते एकदा जमलं तेव्हा गिअर उतरल्याचं अंगाला कळलंच नाही, फक्त आवाज बदलला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. ते म्हणाले, "हां. असंच."

९ फेब्रुवारी, रविवार

चढ. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक आहे, शंभर पावलांचा. तिथेच सराव केला.

पद्धत आबांची: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. आधी थोडी रेस, आणि ती हलू द्यायची नाही. मग क्लच उचलायच्या जागेपर्यंत आणायचा. इंजिनचा आवाज बसतो, गाडी मागच्या चाकांवर किंचित दबते आणि बॉनेट वर येतं. आज ते मला दिसलं! तिथे पाय थांबवून हँडब्रेक सोडायचा. गाडी ना पुढे ना मागे, क्षणभर जागेवर. मग रेस जरा वाढवायची आणि चालीचा वेग येईपर्यंत क्लच तिथेच.

पंधरा वेळा केलं. गाडी मागे एकदाच गेली, वीतभर. आबा खाली उतरून मागच्या चाकाजवळ उटी घेऊन उभे होते. त्यांना सांगितलं की तिथे उभे राहू नका, उटी ठेवा आणि बाजूला व्हा. त्यांनी ऐकलं. वडिलांना असं दरडावून सांगायची माझी पहिलीच वेळ.

१६ फेब्रुवारी, रविवार

यवतेश्वरचा घाट. आई महिनाभर म्हणते आहे की महाशिवरात्रीला यवतेश्वराला जायचंय. ती यायच्या आधी एकदा बघून यावं म्हणून आबा आणि मी, दोघंच. समर्थ मंदिराकडून वर लागलो. पहिली वळणं दुसऱ्या गिअरमध्ये छान गेली. खाली सातारा पसरलेला, समोर अजिंक्यतारा.

मग वर कुठेतरी गाड्यांची रांग लागली. सुटीचा दिवस, कासला जाणारे लोक, आणि वळणावर समोरासमोर अडकलेल्या दोन मोठ्या गाड्या. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, पण उतरणारा आडवा आल्यावर सगळेच थांबले. रांग दर मिनिटाला दोन-चार हात सरकायची. मी हँडब्रेक न ओढता क्लचवरच गाडी तोलून धरत होते. गल्लीत जमलेलं होतं ना, गाडी ना पुढे ना मागे. मला ते कौशल्य वाटत होतं.

पाचेक मिनिटांनी वास आला. जळक्या रबरासारखा, थोडा कडवट. पुढच्या गाडीचा असेल असं वाटलं. आबांनी काच खाली केली, वर केली, आणि म्हणाले, "आपला आहे. हँडब्रेक ओढ. बंद कर."

रांग सुटली तेव्हा गाडी उचलली, पण रेस दिल्यावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायला वेळ लावायची. रुंद जागा बघून बाजूला घेतली. अर्धा तास थांबलो, मग वळवून दुसऱ्या गिअरमध्ये खाली आलो. उतरताना मी क्लच दाबून गाडी सोडून देणार होते, प्लेटला आराम म्हणून. आबांनी ठाम नाही म्हटलं. क्लच दाबला की इंजिनचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा.

घरी येईपर्यंत मला बोलवेना. आबाही बोलले नाहीत, पण पायऱ्या चढताना माझ्या खांद्याला धरून चढले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल काय झालं ते आकड्यांत मांडल्याशिवाय झोप लागेना.

गाडी आणि दोन माणसं मिळून हजार किलो धरते. सपाटीवर शून्यातून चालीच्या वेगाला नेताना क्लचप्लेटवर साधारण तेवढीच उष्णता तयार होते, जेवढी गाडीला गतिज ऊर्जा मिळते. सुमारे बाराशे ज्यूल. इंजिन दुप्पट फिरवत सुरुवात केली तर वेगाच्या वर्गाने वाढून ती चौपट होते. म्हणून उगाच रेस देऊन निघायचं नसतं.

आता चढ. दहा मीटरला एक मीटर चढ धरला, तर गाडी मागे जाऊ नये म्हणून साधारण ९८० न्यूटन बल लागतं. गाडी उभी आहे, म्हणजे उपयोगी काम शून्य. इंजिन देतं ते सगळं प्लेटच्या घसटीत जातं. अगदी मंद इंजिन धरलं तरी हिशोब दीड किलोवॅटपर्यंत येतो. बादलीत पाणी तापवायचा हीटर असतो ना, दीड हजार वॅटचा, तो मी क्लचच्या डब्यात लावून ठेवला होता. बादलीला पाणी तरी असतं. एक मिनिट असं धरून ठेवणं म्हणजे सपाटीवरच्या पंचाहत्तर सुरुवातींइतकी उष्णता. आणि मी रेस देत होते, म्हणजे त्याहून जास्त.

तळहात चोळले तेव्हाच हे कळायला हवं होतं.

संध्याकाळी आबांनी सांगितलेली चाचणी केली. मोकळी जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक घट्ट, ब्रेकवर पाय, चौथा गिअर, आणि क्लच सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथेच गचकन बंद पडतं. आमचं थरथरत दोन-तीन सेकंद चालू राहिलं. प्लेट घसरते आहे. पेडल वर आल्यावरच गाडी उचलते, हेही आता नीट लक्षात येतंय. मी ते या गाडीची मूळची सवय समजत होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही बदललं. मजुरी धरून ६,८०० रुपये. शाळा सुटल्यावर मी गॅरेजला गेले आणि मेकॅनिकला जुनी प्लेट दाखवायला सांगितली.

दोन्ही प्लेटा हातात घेऊन बघितल्या. नव्या प्लेटवर घर्षणाचं अस्तर राखी-तपकिरी, आत बारीक धागे दिसणारं, आणि त्यात रिव्हेटांची डोकी खोल बसलेली, नख घातलं तर आत जाईल इतकी. जुन्या प्लेटवर नख फिरवलं तर रिव्हेट आणि अस्तर जवळजवळ सपाट. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि काळपट. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, तापल्याचे. मेकॅनिक म्हणाले, प्लेट आधीच निम्म्याहून जास्त संपलेली होती, रविवारी तुम्ही उरलेली संपवली. मला त्यातला माझा वाटा मान्य आहे. जुनी प्लेट मागून घेतली, नववीच्या मुलांना घर्षणाचा धडा शिकवताना दाखवायला.

केबलही जुळवून घेतली. पेडल बोटाने दाबलं तर पहिले एक-दोन सेंटीमीटर सैल लागायला हवेत. ते आधी उरलेच नव्हते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गेलो नाही. नवी प्लेट बसून पाच दिवस, घाटात आज रांगच रांग असणार, आणि गाडीत आई. आईला सकाळी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि देवघरातल्या पिंडीला बेल वाहिला. तिने दोन दिवस आधीपासून नवी साडी काढून ठेवली होती, ती मी पुन्हा कपाटात ठेवताना पाहिली.

२ मार्च, रविवार

नव्या क्लचवर पुन्हा पहिल्यापासून. गाडी आता पेडलच्या खालच्या बाजूलाच उचलते. माझा पाय जुन्या जागी जाऊन वाट बघतो, तोवर गाडी निघालेलीही असते. पहिल्या दहात तीन वेळा बंद, दोन उड्या. वाईट वाटलं, पण घाबरले नाही, कारण काय शोधायचं ते माहीत आहे. जागा बदलली, आवाज तोच बसतो, बॉनेट तसंच उचलतं. पंधराव्या वेळेपर्यंत पाय जुळला. कुठल्याही नव्या गाडीत बसल्यावर पहिली दोन मिनिटं मोकळ्या जागेत हीच जागा शोधायची, असं ठरवलं.

घाटातल्या रांगेसाठी नवी शिस्त: पुढची गाडी हलली म्हणून लगेच हलायचं नाही. हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये बसायचं. दोन गाड्यांइतकी जागा झाली की एकदाच निघायचं, चालीच्या वेगाला यायचं, क्लच पूर्ण सोडायचा, आणि मग थांबायचं. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

गुरुवारी आईला पहिल्यांदा गाडीतून फिजिओथेरपीला नेणार.

६ मार्च, गुरुवार

नेलं, आणलं. बंद ०. परत आल्यावर आई आडवी झाली नाही, चहा टाकायला गेली. वाटेत स्पीडब्रेकरवर दोनदा डोकं हललं तिचं. दोन्ही वेळा वेग दहाच्या खाली गेला होता आणि मी दुसऱ्यातच राहिले होते. पन्नास मीटरला साडेसतरा सेकंद, हे माहीत असून विसरले. दहाच्या खाली क्लच दाबायचा, नाहीतर पहिला गिअर.

९ मार्च, रविवार

यवतेश्वर. आई पुढे, मानेला कॉलर लावून, आबा आणि मुलगी मागे. सकाळी साडेसहाला निघालो.

चढताना चार वेळा थांबावं लागलं. एकदा म्हशी आडव्या आल्या, दोनदा समोरून बस, आणि एकदा पुढची गाडी फोटो काढायला मध्येच उभी राहिली. ही शेवटची जागा वळणावरच होती, चढ चांगला खडा, मागे चिकटून एक दुचाकी. हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, डावा पाय क्लचवरून काढून मांडी जरा सैल केली. आरशातून दुचाकीवाल्याला हात करून मागे सरकायला सांगितलं. वाट मोकळी झाल्यावर पहिला गिअर, रेस, आवाज बसला, बॉनेट उचललं. हँडब्रेक सोडला. मुलगी मागून हळू आवाजात म्हणत होती, "मी चालतेय, मी चालतेय, आता सोड." सोडला. वास नाही.

देवळात आई पाऊण तास बसली. नवी साडी तीच, महाशिवरात्रीची.

उतरताना दुसरा गिअर, पाय पत्र्याला टेकवलेला. एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं होतं, टिचकी बरोबर बसली. मागून आबांचा "हां" ऐकू आला. घरी पोचल्यावर सामान काढताना बघितलं तर आईची कॉलर मागच्या सीटवर, पिशवीत घडी करून ठेवलेली. देवळातून निघताना तिने ती काढून मुलीकडे दिली होती आणि उतरताना लावलीच नव्हती. मला सांगितलं नाही, मी घाबरेन म्हणून.

बंद: ०. चढावरचे थांबे: ४. मागे सरकली: एकदाही नाही. उटी डिकीतच.

बाकी राहिलेलं: गल्लीच्या चढावर रिव्हर्सने गाडी आत घेणं. रिव्हर्स पहिल्याइतकाच संथ गिअर आहे, चालीचं गणित तेच लागायला हवं, पण मान मागे वळवली की डावा पाय पेडलवरून तिरका होतो आणि शेवटच्या सेंटीमीटरला निसटतो. आज फाटकाजवळ एक हिसका बसलाच. तेव्हा आई उतरलेली होती. येत्या रविवारी रिकाम्या रस्त्यावर, खडूच्या रेघा आणि मोजपट्टी घेऊन.

नव्या प्लेटवर आजपर्यंत ११६ किमी. हजार झाले की केबलचा सैलपणा पुन्हा बघायचा.